बॉबिन भरेपर्यंत: गिब्सनच्या पीएएफ पिकअपचं प्रकरण

१९५९ सालच्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारमधले दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग, बाहेर काढले आणि त्यांचा विद्युतरोध मोजायला मीटर लावला, तर एक साडेसात किलोओहम दाखवील आणि दुसरा साडेआठ. असं झालं तर जाणकार भुवई उंचावत नाहीत. दोघांच्या पाठीवर तोच चिमुकला काळा स्टिकर, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘पेटंट अप्लाइड फॉर’. या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून जग त्यांना पीएएफ म्हणतं. कारखाना एक, तार एक, साचा एक, वर्षही एक. तरी एकाचा आवाज उघडा, काचेसारखा, आणि दुसऱ्याचा जाड, थोडा दाबलेला. आज या जुन्या पिकअपना जी किंमत येते तिच्यात नवी गिटार सहज येईल, आणि गेली पन्नासेक वर्षं जगभरचे वाइंडर, म्हणजे कॉइली गुंडाळणारे कारागीर, त्यांची नक्कल करताहेत. पण नक्कल करायची कशाची? मूळ नमुनाच एक नाही. या लेखात पाहायचं प्रकरण ते हेच.

कॅलामाझू हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं गाव. गिब्सनचा कारखाना तिथल्या पार्सन्स स्ट्रीटवर १९१७ पासून होता. १९४६ पासून कंपनी पी-९० नावाचा पिकअप वापरत होती. एकच कॉइल, खाली चुंबक, आवाज दणदणीत. अडचण गुणगुणीची. तांब्याची हजारो वेढ्यांची कॉइल म्हणजे एक प्रकारचा अँटेनाच. खोलीतले ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, घरातलं वायरिंग, सगळ्यांची विजेची गुणगुण ती झेलते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. सेथ लव्हर हा कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्स विभागातला माणूस. ॲम्प्लिफायरमध्ये अशी गुणगुण मारण्यासाठी दोन उलट्या कॉइलींचा, चोक नावाचा भाग वापरता येतो, हे त्याला ठाऊक होतं. तीच युक्ती त्याने गिटारच्या तारांखाली आणली. दोन कॉइली शेजारी-शेजारी, गुंडाळीची दिशा एकमेकींच्या उलट, आणि चुंबकाचा ध्रुवही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलट-सुलट येते आणि कटते. तारेच्या कंपनाचा संकेत मात्र दिशा आणि ध्रुव असा दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो आणि बेरीज होते. गुणगुण, म्हणजे इंग्रजीतला ‘हम’, मारणारा म्हणून अशा पिकअपला हमबकर म्हणतात. अर्ज गेला २२ जून १९५५ रोजी, पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ रोजी. मधल्या काळात १९५७ पासून हे पिकअप लेस पॉलवर बसू लागले, आणि त्या ‘मधल्या काळा’चाच तो स्टिकर.

इथवरची गोष्ट गुणगुणीची झाली. आवाजाची गोष्ट वाइंडिंगच्या टेबलावर सुरू होते.

कॉइलची तार होती अमेरिकन गेज (जाडीचा नंबर) ४२, साध्या इनॅमलच्या विद्युतरोधक लेपाची, जांभळट-तपकिरी दिसणारी. जाडी ०.०६३ मिमीच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून जरा बारीकच. एका कॉइलवर साधारण ५,००० वेढे. हिशेब केला तर एका कॉइलवर सातशे मीटरच्या घरात तार जाते, म्हणजे अख्ख्या पिकअपमध्ये जवळजवळ दीड किलोमीटर. हे ५,००० मोजायचं कसं? सुरुवातीच्या वर्षांत यंत्राने आकडा गाठला की आपोआप थांबायचं, अशी सोय भरवशाची नव्हती. लव्हरने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलेली गोष्ट साधी आहे: बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, भरेपर्यंत गुंडाळायचं.

हे वाक्य वाचून हसू येतं, पण मला ते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. ‘भरणं’ हे काही माप नव्हे. तारेवर इनॅमलचा थर किंचित जाड बसला असेल तर बॉबिन कमी वेढ्यांत भरतं. तारेला ताण जास्त दिला तर ती घट्ट बसते, तेवढ्याच जागेत जास्त वेढे मावतात, शिवाय तार किंचित ताणली जाऊन बारीक होते आणि रोध वाढतो. आणि शेवटी यंत्रावर बसलेल्या बाईच्या किंवा बुवाच्या नजरेला ‘भरलं’ केव्हा वाटतं, हाही भाग आलाच. सकाळी वाटलेलं आणि जेवणानंतर वाटलेलं ‘भरलं’ एकच असेल कशावरून?

याचा धडा मला स्वतःला फार स्वस्तात मिळाला. पहिल्यांदा हमबकरची एक मेलेली कॉइल पुन्हा गुंडाळायला घेतली तेव्हा मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन ‘४२ नंबरची तार द्या’ म्हटलं. दुकानदाराने दिली. पण आपल्याकडच्या वाइंडिंगवाल्यांचा नंबर ब्रिटिश गेजचा असतो. त्यांची ४२ म्हणजे ०.१ मिमी. दोन हजार वेढ्यांच्या आसपासच बॉबिन काठोकाठ भरलं आणि आवाज आला तो डबा वाजवल्यासारखा. अमेरिकन ४२ च्या जवळपास जाणारी तार आपल्याकडे ४६ नंबरची. दुकानदाराची चूक काहीच नव्हती. बॉबिन भरलेलं होतं, पिकअप मात्र झालेला नव्हता.

आकडा खरं सांगतो का?

पिकअपची चर्चा आली की लोक आधी किलोओहम विचारतात. ‘साडेआठचा आहे, म्हणजे जोरकस’, ‘सातचा, म्हणजे सौम्य’. या आकड्याला मी इतकी वर्षं जपून वागवतो त्याची कारणं सांगतो. पहिलं, तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांच्या खोलीत ८ किलोओहम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांना ८.६ दाखवील. पिकअप तोच, आवाजही तोच. मीटर तेवढा घामेजला. दुसरं, तेवढेच वेढे एक गेज बारीक तारेने गुंडाळले तर रोध पाव हिश्शाहून अधिक वाढतो, पण आवाज त्या प्रमाणात हलत नाही.

आवाज हलवणारी गोष्ट वेगळी आहे. कॉइलमध्ये प्रेरकत्व असतं, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला विरोध करण्याचा गुण. ते वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: वेढे १० टक्के वाढले की प्रेरकत्व २१ टक्के. आणि वेढ्या-वेढ्यांमध्ये, थरा-थरांमध्ये, शिवाय गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या केबलमध्ये थोडी धारिता, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, असते. प्रेरकत्व आणि धारिता मिळून एका ठराविक वारंवारतेला टेकडी तयार होते, तिथे आवाज उचलला जातो, आणि त्या टेकडीपलीकडे उतार झपाट्याने लागतो. पिकअपचा ‘स्वभाव’ म्हणजे ही टेकडी कुठे आहे आणि केवढी उंच आहे, हे बऱ्याच अंशी.

आकडे घालून पाहू. पीएएफच्या दोन कॉइली मिळून प्रेरकत्व ४ हेन्रीच्या आसपास धरा. पाच मीटर केबलची धारिता सुमारे ५०० पिकोफॅरड आणि कॉइलची स्वतःची १०० धरली, तर टेकडी येते ३,२५० हर्ट्झच्या जवळ. फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमधल्या एकेरी कॉइलच्या पिकअपचं प्रेरकत्व २.४ हेन्री धरा, तीच केबल लावा, टेकडी ४,२०० वर जाते. स्ट्रॅटची ती खणखणीत धार आणि लेस पॉलचा भरदार गळा, यांतला बराचसा फरक या हजारेक हर्ट्झमध्ये आहे. आता कॅलामाझूच्या टेबलावर कोणी दोन्ही बॉबिनं १० टक्के जास्त भरली, तर टेकडी ३,२५० वरून २,९५० वर घसरते. कान हा फरक पकडतो. ‘हा जाड वाजतो’ म्हणतात तो हाच. आणि गंमत अशी की कारखान्यात पुढचा पिकअप आणि मागचा पिकअप असा भेदच नव्हता. पेटीतून हाताला येईल तो बसवायचा. त्यामुळे एखाद्या गिटारीत मानेकडचा पिकअप जास्त भरलेला आणि ब्रिजकडचा, म्हणजे तारा खाली टेकतात तिकडचा, हलका, असा उलटा संसारही सापडतो.

दोन कॉइली, दोन माणसं

पण पूर्ण पिकअपचा आकडा हा निम्माच भाग. पीएएफची खरी गंमत त्याच्या दोन कॉइलींमधल्या तफावतीत आहे.

समजा एका कॉइलवर ५,२०० वेढे पडले आणि दुसरीवर ४,८००. एकूण दहा हजारच. मीटर काही वेगळं सांगणार नाही. गुणगुण मात्र पुरती कटणार नाही, ४०० वेढ्यांची शिल्लक राहील. एका कॉइलच्या गुणगुणीच्या मानाने ती आठ टक्के, म्हणजे ऐकणाऱ्याला जवळजवळ शांतच. हा तोटा झाला. मिळकत दुसरीकडे आहे, आणि ती समजायला गिटारच्या वाजत्या तारेकडे पाहावं लागतं.

हमबकरच्या दोन कॉइली तारेच्या दोन वेगळ्या जागी कान लावून बसतात, मध्ये सुमारे १८ मिमीचं अंतर. तारेच्या वरच्या संवादी कंपनांत, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या कंपनांत, लाटा आखूड असतात. जेव्हा अर्धी लाट बरोबर १८ मिमीची होते तेव्हा एका कॉइलवर तार वर जात असते आणि दुसरीवर खाली. दोन्ही संकेत एकमेकांना खाऊन टाकतात. लेस पॉलची वाजती तार ६२८ मिमी, म्हणजे हे पस्तिसाव्या संवादी कंपनाच्या आसपास घडतं. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तिच्यासाठी हा खड्डा २,९०० हर्ट्झपाशी येतो, टेकडीच्या अगदी अंगावर. सगळ्यात बारीक तारेसाठी तोच खड्डा साडेअकरा हजारांच्या पुढे, जिथवर पिकअप पोचतच नाही. म्हणजे हमबकर जाड तारांवर ‘गुळगुळीत’ वाजतो याचं एक कारण ही जागेची वजाबाकी. दोन्ही कॉइली अगदी सारख्या असतील तर वजाबाकी पूर्ण होते. एक भारी, एक हलकी असेल तर खड्डा उथळ राहतो आणि थोडी धार शिल्लक उरते. त्यात दोन कॉइलींच्या टेकड्याही नेमक्या एका जागी नसल्याने उंचवटा जरा पसरट होतो. चांगल्या पीएएफला वाजवणारे ‘उघडा’ म्हणतात, ‘यात एकेरी कॉइल दडलीय’ म्हणतात. तो दडलेला भाग म्हणजे बहुधा हे उरलेले चारशे वेढे.

इथे एक सावधगिरी. तफावत जितकी जास्त तितका आवाज चांगला, असं गणित कोणी मांडलं तर ते खोटं. कॅलामाझूत कोणी तफावत ठरवून केली नव्हती. काही पिकअपांत ती सुखाची पडली, काहींत काहीच घडलं नाही, आणि काही सपाट वाजणारे पीएएफही जगात आहेत. ते विकत घेणारा माणूस तसं सहसा कबूल करत नाही, एवढंच.

चुंबकाचं थोडक्यात सांगतो. अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या २, ३, ४, ५ या प्रकारांपैकी जे हाताशी असेल ते बसायचं. १९६१ च्या सुमारास आखूड अल्निको ५ रूढ झाला. अल्निको ५ जोरकस आणि खाली घट्ट, २ आणि ३ मऊ. वरचं झाकण निकेल सिल्व्हरचं. या मिश्रधातूचा रोध जास्त असल्याने त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूत आपोआप गोल फिरणारे विजेचे प्रवाह, कमी फिरतात आणि वरचा आवाज कमी खाल्ला जातो. पितळेचं झाकण लावलं तर टेकडी लगेच बसते. बॉबिनचं प्लॅस्टिक ब्युटिरेट प्रकारचं. काळा रंग कमी पडला तेव्हा काही बॉबिनं मलईच्या रंगाची निघाली, एक काळी एक मलई अशी जोडीही लागली. झाकणाखाली कोणाला दिसणार होतं? पुढे साठच्या दशकात वाजवणाऱ्यांनी झाकणं काढून टाकली आणि त्या रंगाचीच बोली लागू लागली. रंगाचा आवाजाशी संबंध शून्य.

मेणाचा मात्र आहे. फेंडरवाले कॉइली मेणात बुडवत, पीएएफ तसेच कोरडे सोडले. कोरड्या कॉइलमधले सैल वेढे स्वतःच थरथरतात. झाकणावर नखाने टिचकी मारली तर स्पीकरमधून ‘टक’ ऐकू येतं. मोठ्या आवाजात किंकाळी फुटायचा धोका, पण मध्यम आवाजात तोच पिकअप जास्त जिवंत वाटतो. जुना पीएएफ मेणात बुडवायला कोणी आणला तर मी दोनदा विचारीन. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण, तापमान ६५ अंशांच्या आसपास, याच्या फार वर गेलं की ब्युटिरेटचं बॉबिन वाकडं होतं. आणि मेण बसलं की सैल वेढ्यांचा तो स्वभाव कायमचा गोठतो.

नकलेचा इतिहास

१९६० नंतर लेस पॉलचं ते रूप बंद झालं, कारण खपत नव्हतं. सहा वर्षांनी लंडनमध्ये एरिक क्लॅप्टनने जुनी लेस पॉल मार्शल ॲम्पला जोडली, पुढे जिमी पेज, ड्वेन ऑलमन आले, आणि सगळ्यांना तोच पिकअप हवा झाला. तोवर कारखान्यात यंत्रं शिस्तीत आली होती, वेढे सारखे पडू लागले होते, तारेवरचा लेपही बदलला होता. गुणवत्ता-नियंत्रणाच्या चष्म्यातून नवे पिकअप सरस होते. वाजवणाऱ्यांना जुनेच आवडत होते.

१९८० च्या सुमारास गिब्सनने स्वतःच जुना पीएएफ परत आणायचं ठरवलं आणि काम टिम शॉकडे दिलं. त्याने जुने पिकअप मोजले, चुंबक आणि बॉबिनं सुधारून घेतली. अडलं ते तारेवर. साध्या इनॅमलची तार महाग पडत होती, म्हणून पॉलियुरेथेनच्या लेपाची वापरावी लागली. लेप म्हणजे विद्युतरोधकच, त्याने आवाजाला काय फरक पडणार, असं हिशेब ठेवणाऱ्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण लेपाची जाडी बदलली की वेढ्यांमधलं अंतर बदलतं, धारिता बदलते, बॉबिन ‘भरण्या’चा आकडाही बदलतो. शॉचे पिकअप आज स्वतःच मागणीत आहेत, ही वेगळी गोष्ट. पुढे गिब्सनने बर्स्टबकर नावाचे पिकअप काढले, त्यांत कॉइली मुद्दाम असमान ठेवल्या. पन्नासच्या दशकात जे नजरचुकीने व्हायचं ते आता तपशीलपत्रकात आलं. पिकअप बनवणाऱ्या सीमोर डंकनने १९९० च्या दशकात खुद्द म्हाताऱ्या लव्हरबरोबर बसून एक प्रतिकृती तयार केली. तिच्यात मेण नाही, साध्या इनॅमलची तार, निकेल सिल्व्हरचं झाकण. लव्हर १९९७ साली गेला.

हाताने गुंडाळणाऱ्यांचं यात काय, हा प्रश्न उरतो. आणि इथे जाहिरातींशी माझं जरा भांडण आहे. पीएएफ ‘हाताने गुंडाळलेले’ नव्हते. तार यंत्रच पुढे-मागे नेत होतं, थर बऱ्यापैकी एकसारखे पडत. तार हाताने सरकवत नेण्याची रीत कॅलिफोर्नियातल्या फुलरटनची, म्हणजे फेंडरची. अबिगेल यबारा १९५६ मध्ये तिथे लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातच्या कॉइलींत थर नियमाने न बसता एकमेकांना तिरके ओलांडत जातात. अशा विस्कळीत गुंडाळीत वेढ्यांमध्ये हवा जास्त, धारिता कमी, टेकडी जरा वर. फरक खरा आहे, पण कॉइलची १०० पिकोफॅरड समजा ७० झाली तरी पुढे केबलची ५०० बसलेलीच आहेत. लांब केबल लावून ‘विस्कळीत गुंडाळीची जादू’ शोधणाऱ्याने आधी केबल आखूड करून पाहावी.

म्हणून पीएएफच्या मागे लागलेला हातकारागीर प्रत्यक्षात करतो ते वेगळंच काम. कॉइल फिरवायला छोटी मोटार, आकड्यासाठी चुंबकावर चालणारा काउंटर. तार अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, मध्ये फेल्टचा तुकडा. ताण बोटांना कळतो: फार झाला की तार तुटण्याआधी किंचित ‘मऊ’ लागते, कमी झाला की बॉबिनच्या टोकांना तार फुगते. प्रत्येक थरात किती वेढे, हे तो ठरवून ठेवतो, कारण जुन्या यंत्राची चाल त्या आकड्यातच उतरलेली असते. मग स्क्रू बसवलेली कॉइल ५,१५०, दुसरी ४,९५०, किंवा उलट, असं लिहून ठेवतो, बसवतो, ऐकतो, पुन्हा उकलतो. ४,७०० व्या वेढ्याला तार तुटली की त्या दिवशी घरात कोणी त्याच्याशी बोलत नाही. चांगल्या कारागिराच्या वहीत किलोओहमच्या रकान्याशेजारी खोलीचं तापमान आणि प्रेरकत्व लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक विचारतं मात्र फक्त किलोओहम.

मूळ कागदपत्रांतून कृती काढू पाहणाऱ्यांची तर कॅलामाझूने थट्टाच केली आहे. १९६२ च्या सुमारास ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा स्टिकर जाऊन पेटंट क्रमांकाचा आला. लव्हरचं पेटंट २,८९६,४९१. स्टिकरवर छापलं २,७३७,८४२. हे पेटंटही गिब्सनच्याच गोतावळ्यातलं, ज्यांच्या नावाने ही गिटार आहे त्या वादक लेस पॉल यांच्या नावचं, पण पिकअपचं नव्हे. तारा अडकवायच्या ब्रिज आणि टेलपीसचं. चूक होती की नकला करणाऱ्यांना चकवण्यासाठी मुद्दाम, यावर अजून वाद चालतो. त्या क्रमांकाची प्रत पेटंट कार्यालयातून मागवणाऱ्याच्या हाती टेलपीसचं रेखाचित्र पडायचं, आणि तो स्टिकर त्यानंतर कित्येक वर्षं तसाच लागत राहिला.